मागून बसलेली फियाट: पाट्यांना कमान मारूनही गाडी पुन्हा का झुकते

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीने येते. गाडी प्रीमियर पद्मिनी, नाहीतर तिच्या आधीची फियाट ११०० डिलाइट. मागचा एक कोपरा, बऱ्याचदा ड्रायव्हरच्या बाजूचा, बसलेला. मालक कमानवाल्याकडे जातो, पाटे (मागच्या चाकांवरच्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) उतरवून कमान मारून, म्हणजे त्यांना पुन्हा बाक देऊन घेतो, गाडी ताठ उभी राहते. मग एक पावसाळा जातो आणि तोच कोपरा पुन्हा खाली. पुढच्या खेपेला सल्ला मिळतो, "एक पाटा वाढवून टाकू." पाटा वाढतो, गाडी उंच होते, पण आता स्पीडब्रेकरवर मागच्या सीटवरची माणसं उसळतात. आणखी काही महिन्यांनी मेन पाटा, म्हणजे सर्वांत वरचा लांब पाटाच तुटतो.

या फेऱ्यातून बाहेर पडता येतं. त्यासाठी दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. पहिली, बऱ्याच गाड्यांत मूळ दोष पाट्यात नसतोच, तो बुशमध्ये (पाट्याच्या टोकातल्या रबर-धातूच्या नळीत), शॅकलमध्ये (पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या झुलत्या जोडात) किंवा गंजलेल्या पत्र्यात असतो. दुसरी, दोष पाट्यात असेल तर गार पाट्यावर घण मारून कमान परत येते, पोलादाची ताकद परत येत नाही. म्हणूनच तो पुन्हा बसतो.

फियाट डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय, कारण आपल्याकडे घराघरांत जपून ठेवलेली गाडी हीच. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे डाव्या-उजव्या बाजूला पाट्यांचा एकेक संच. संचाचं पुढचं टोक बुश आणि बोल्टने बॉडीला पक्कं, मागचं टोक झुलत्या शॅकलवर. अँबेसिडरचं मागचं काम याच जातीचं आहे, फक्त तिच्या पुढच्या बाजूला टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) असतात. महिंद्राच्या जुन्या जीपला चारही कोपऱ्यांत पाटे. त्यामुळे खालचं बहुतेक सगळं या दोन्ही गाड्यांनाही लागू पडेल.

आधी मोजा

डोळ्यांनी "बसलीय" म्हणणं आणि मापाने म्हणणं यात फार फरक पडतो. सपाट फरशीवर गाडी उभी करा. चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरा, डिकी रिकामी करा. जमिनीपासून बंपरची उंची मोजू नका, त्यात टायरही मोजला जातो. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या, चारही चाकांचं, आणि कागदावर लिहून ठेवा. काम झाल्यावर आणि त्यानंतर दर एक-दोन महिन्यांनी हीच मापं पुन्हा घ्यायची आहेत.

मोजण्याआधी गाडी थोडी चालवून आणा, निदान डिकीवर जोर देऊन चार-पाच वेळा खालीवर करा. पाट्यांमध्ये आपापसांत घर्षण असतं. कोरड्या, गंजलेल्या संचात ते इतकं असतं की जॅकवरून उतरवलेली गाडी आहे तिथेच अडकून राहते आणि सेंटीमीटरभर जास्त उंच दिसते. कमानवाल्याच्या दारात गाडी छान दिसते, त्यातला काही भाग हाच असतो.

आता झुकाव नक्की कुठून येतोय ते बघायचं. पुढचा एक कोपरा बसला तर मागचा कोपराही खाली दिसतो, कारण बॉडी अख्खी एकच आहे. यासाठी एक साधी चाचणी आहे. मागच्या चाकांना ठोकळे लावा आणि पुढच्या क्रॉसमेंबरच्या (खालच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यावर जॅक लावून पुढची दोन्ही चाकं जेमतेम उचला. आता पुढच्या स्प्रिंगांचा बॉडीच्या झुकण्याशी संबंध उरला नाही, गाडी पुढून एका बिंदूवर तोललेली आहे. एवढं करूनही मागे तितकाच झुकाव राहिला तर दोष मागे. झुकाव गेला किंवा बराच कमी झाला तर पुढच्या कॉइल स्प्रिंग बघा, मागचे पाटे उतरवण्याचे कष्ट वाचले. उलट तपासणी म्हणून पुढच्या चाकांना ठोकळे लावून डिफ्रन्शिअलच्या (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या गोल डब्याच्या) मध्याखाली लाकडी फळी घालून जॅक लावता येतो. हे करताना गाडीखाली शिरू नका, जॅकवर तोललेली गाडी डुलते.

अँबेसिडरवाल्यांनी ही चाचणी अजिबात चुकवू नये. पुढचा टॉर्शन बार एका बाजूला सैल झाला की मागचा पाटा बसल्यासारखा दिसतो आणि बिचाऱ्या पाट्यालाच घणाचे घाव खावे लागतात. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

बुश: सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण

दोष मागेच आहे असं ठरलं तरी पाट्यावर लगेच येऊ नका. मला विचाराल तर "पुन्हा बसली" या तक्रारीचं पहिलं कारण बुश आवळण्याची पद्धत आहे.

पाट्याच्या टोकाला जी गोल वळी असते तिच्यात बुश बसतो. रबर आणि धातूची नळी एकमेकांना घट्ट धरून असलेला बुश असेल तर त्यात काहीही घसरत नाही, पाटा खालीवर होतो तेव्हा रबर पिळलं जातं. बोल्ट आवळला की आतली नळी हँगरला, म्हणजे बॉडीवरच्या ब्रॅकेटला, पकडली जाते, आणि रबरासाठी ती स्थिती शून्य ठरते.

आता गॅरेजमध्ये काय होतं ते बघा. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचललेली, मागचं हाउसिंग (मागच्या चाकांचा अख्खा आडवा ॲक्सल) लोंबकळतंय, पाटा पूर्ण खाली वाकलेला. मेकॅनिक त्याच अवस्थेत एअरगनने पुढचा बोल्ट आणि शॅकलचे नट आवळून टाकतो. गाडी खाली उतरली की पाटा सपाट व्हायला बघतो आणि प्रत्येक बुशचं रबर पिळलं जाऊन त्याला विरोध करतं. म्हणजे गाडीचं थोडं वजन पाट्याने नव्हे, पिळलेल्या रबराने उचललेलं असतं. गाडी उंच दिसते. पुढच्या काही आठवड्यांत खड्डे आणि ऊन यांनी ते रबर फाटतं किंवा धातूपासून सुटतं, आणि गाडी आपल्या खऱ्या उंचीवर येते. मालकाला वाटतं पाटा पुन्हा बसला. पाटा जागचा हललेलाही नसतो.

तपासणं सोपं आहे. टॉर्च घेऊन बुशच्या कडा बघा. रबर बाजूला फुगून बाहेर आलंय, त्यात गोल फिरलेल्या चिरा आहेत, किंवा आतली नळी मध्यावर नसून एका बाजूला सरकली आहे, तर बुश गेला. शॅकलच्या आणि वळीच्या मध्ये चमकदार घासलेला पत्रा दिसला तर तो खूप आधीच गेलेला आहे.

बुश नवे घालताना सगळे एकदम घाला, दोन्ही बाजूंचे. आणि बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना. आधी हाताने घट्ट, मग गाडी खाली, दोन-चार वेळा दाबून सैल सोडायची, आणि मग पाना. खाली हात पोचत नसेल तर गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या, पण चाकांवरच. एवढ्या एका गोष्टीने कित्येक गाड्यांची तक्रार संपते.

शॅकल अडकून बसलं असेल तरी पाट्याला मोकळेपणाने लांब होता येत नाही. पाटा सपाट होताना त्याची दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात आणि ती लांबी शॅकल झुलून पोटात घेतं. गंजून जाम झालेल्या शॅकलमुळे एक बाजू कडक, दुसरी मऊ, आणि गाडी वाकडी.

पाटे बाकावर आल्यावर

इतकं तपासून पाट्यावरच आलात, तर उतरवण्याआधी आदल्या रात्री सगळ्या नटांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बॉडी मजबूत जागी घोड्यांवर, हाउसिंगखाली वेगळा जॅक, शॉकअप सोडवलेला, ब्रेकच्या रबरी नळीला ताण नाही, मग संच हाउसिंगला आवळणारे यू-बोल्ट सोडवा. संच खाली आला की सेंटर बोल्ट (सगळ्या पाट्यांच्या मधोमधून जाणारा) सोडवण्याआधी मध्याच्या दोन्ही बाजूंना जी-क्लॅम्प लावा, किंवा संच मोठ्या शिकंज्यात धरा. पाटे एकमेकांवर ताणून बसवलेले असतात. नुसता नट काढला तर ते उसळतात आणि हाताचं हाड मोडू शकतं.

सोडवण्याआधी पुढच्या बाजूला रंगाची खूण करा. सेंटर बोल्ट बरोबर मध्यावरच असेल असं धरून चालू नका. काही संचांत पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा वेगळ्या लांबीचे असतात. उलटा बसवला तर एका बाजूचं चाक पुढे-मागे सरकतं आणि गाडी सरळ रस्त्यावर तिरकी धावते.

दोन्ही संचांची मोकळी कमान मोजा. दोन वळींच्या मध्यांमधून दोरी ताणा आणि दोरीपासून मेन पाट्याच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर सेंटर बोल्टजवळ घ्या. डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल तर बसलेला पाटा सापडला. फरक फारसा नसेल आणि तरी गाडी झुकत असेल, तर परत वरच्या बुशच्या भागाकडे जा, किंवा खाली हँगरबद्दल लिहिलंय तिकडे.

मग एकेक पाटा तारेच्या ब्रशने साफ करून व्हर्निअरने जाडी घ्या. बहुतेक जण हे करत नाहीत आणि इथेच खरी माहिती मिळते. खालच्या पाट्याचं टोक वरच्या पाट्याच्या पोटात घासून खाच पाडतं, आणि दोघांच्या मध्ये गंज धरतो तो दोन्हीकडचं पोलाद खातो. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ६ मिलिमीटरचा पाटा झिजून ५.४ राहिला तर जाडी १० टक्केच गेली, पण ०.९ चा घन ०.७२९ होतो, म्हणजे कडकपणा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी गेला. अशा पाट्याला कितीही कमान मारा, वजन आलं की तो खाली जाणारच. झिजलेला पाटा बदलायचा असतो, वाकवायचा नसतो.

चिरा शोधायला जुनी रॉकेल-खडूची रीत अजूनही उत्तम. स्वच्छ पाट्यावर रॉकेल किंवा डिझेल चोळा, अर्धा तास मुरू द्या, कोरडा पुसा आणि वर खडूची पूड पाण्यात कालवून पातळ लेप द्या. लेप वाळला की चीर असेल तिथून तेल वर झिरपतं आणि पांढऱ्यावर गडद रेघ उमटते. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती, वळी सुरू होते तिथे, आणि जिथे खालच्या पाट्याचं टोक संपतं तिथे नीट बघा. चीर दिसली की तो पाटा भंगार. वेल्डिंग करून चालवायचा विचारही करू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि पाटा तिथेच पुन्हा तुटतो, यावेळी बहुधा वेगात. त्याच कारणासाठी गाडीवर इतरत्र वेल्डिंग चालू असताना मशीनचा अर्थिंगचा चिमटा पाट्याला कधीही लावू देऊ नका.

गार कमान का टिकत नाही

पाटा गाडीत बसलेला असताना त्याची टोकं वर आणि पोट खाली असतं. वजन आलं की तो सपाट व्हायला बघतो, म्हणजे त्याचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. पाट्यांना चिरा बहुतेक वरून, ताणाच्या बाजूने जातात.

चांगल्या कारखान्यात पाटा मुद्दाम हवा त्यापेक्षा जास्त कमानीचा घडवतात, आणि पाणी देऊन (तापवून झटकन गार करून) झाल्यावर प्रेसवर वजनाच्या दिशेने त्याच्या मर्यादेपलीकडे दाबतात. त्यामुळे तो थोडा बसतो, पण कायमचा बसतो. शिवाय सुटल्यावर वरच्या थरात उरतो तो दाब, जो रस्त्यावरच्या ताणाला आधीच विरोध करत असतो. या कामाला स्क्रॅगिंग म्हणतात. काही ठिकाणी त्यात भर म्हणून ताणाच्या बाजूवर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करतात, तोही याच हेतूने.

गार पाट्यावर घणाने कमान मारताना नेमकं उलट घडतं. पाटा वजनाच्या विरुद्ध दिशेने वाकवला जातो, आणि घण उचलल्यावर वरच्या थरात शिल्लक राहतो तो ताण. गाडी खाली उतरली की त्या शिल्लक ताणात वजनाचा ताण मिळतो. भरीला, एका दिशेने वाकवलेलं पोलाद परतीच्या दिशेने लवकर नमतं, हा त्या धातूचा स्वभावच आहे. म्हणून पाटा भराभर जुन्या जागी येतो. आणि घणाचे घाव वरच्या बाजूवर पडले असतील तर प्रत्येक घाव ही उद्याच्या चिरेची सुरुवात. कमानवाल्याचं कसब यात कमी पडत नाही. ट्रकचे पाटे रोज उलगडणाऱ्या या कारागिरांच्या हाताला जी नजर असते ती मोठी गोष्ट आहे. पण हा धातूचा हिशेब हातांनी बदलत नाही.

गॅस टॉर्चने लाल करून वाकवणं तर याहूनही वाईट. लाल करून हवेत गार झालेला भाग मऊ पडतो आणि तिथेच पाटा कोपऱ्यासारखा वाकतो. लाल करून पाण्यात बुडवला तर काचेसारखा कडक होऊन तडकतो. काही जण पाण्यात बुडवल्यावर पुन्हा निळा रंग येईपर्यंत तापवतात आणि समाधान मानतात. निळा रंग साधारण ३०० अंश सेल्सिअसला येतो. पाट्याला त्याहून बरीच जास्त उष्णता द्यावी लागते, आणि त्या तापमानाला रंग बघून अंदाज बांधता येत नाही.

मग काय करायचं

माझी पहिली पसंती नव्या संचाला. पद्मिनी बनवणारा कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन दोन दशकं उलटली, तरी फियाटचे पाटे नव्याने बनवून देणारे अजून मिळतात. ऑर्डर देताना "फियाटचा संच" एवढंच सांगू नका. प्रत्येक पाट्याची रुंदी, न झिजलेल्या जागेची जाडी, पूर्ण लांबी, सेंटर बोल्टपासून पुढच्या आणि मागच्या वळीच्या मध्यापर्यंतचं वेगवेगळं अंतर, वळीचा आतला व्यास, पाटे बाजूने एकत्र धरणाऱ्या क्लिपच्या जागा, सगळं कागदावर द्या आणि जुना संचही नमुना म्हणून ठेवायला द्या. पोलाद कोणतं वापरणार ते विचारा. ईएन ४५ हे सिलिकॉन-मँगनीज पोलाद पाट्यांसाठी नेहमीचं, क्रोमियम असलेलं एसयूपी ९ देखील चालतं. नुसतं "स्प्रिंग स्टील" असं उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा.

नेहमी अडणारा प्रश्न असा: जुना पाटा बसलेला आहे, मग मूळ कमान किती होती हे कसं कळणार? चांगल्या स्थितीतल्या दुसऱ्या गाडीची मापं मिळाली तर उत्तमच. नाहीतर आपली सुरुवातीची मापं कामाला येतात. पाटा झिजला नसेल, फक्त बसला असेल, तर त्याचा कडकपणा जवळपास पूर्वीइतकाच असतो. त्यामुळे गाडी जितकी वर हवी, साधारण तितकीच कमान वाढवायची. मागचा कोपरा ३० मिलिमीटर खाली असेल तर मोकळी कमान ३० मिलिमीटरने वाढवा. हौसेने ६० मागितलीत तर शॅकल उलट्या बाजूला झुकेल आणि गाडी मागून उभी राहील.

दुसरा मार्ग जुनेच पाटे नीट पुनरुज्जीवित करण्याचा. मूळ पाट्यांवर कारखान्याचे ठसे असतील आणि जाडी शाबूत असेल तर मला हाच मार्ग आवडतो. यासाठी साध्या भट्टीवाल्यापेक्षा हीट ट्रीटमेंटचं युनिट गाठायला हवं. पुण्याच्या भोसरी-चाकण पट्ट्यात किंवा कोल्हापूरच्या शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतींत शोधलं तर अशी युनिट सापडतात. अडचण एवढीच की ते मोठ्या लॉटमध्ये काम करतात, तुमचे दहा-बारा पाटे त्यांच्या लॉटबरोबर जायला थांबावं लागेल. थांबा. पाटे साधारण ८५० ते ९०० अंशांपर्यंत एकसारखे तापवून, त्याच गरम अवस्थेत नवी कमान देऊन तेलात गार करायचे, मग ४५० ते ५०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवायचे. नेमके आकडे पोलादाच्या जातीवर, ते त्यांना ठरवू द्या. परत घेताना पोलादाच्या कठीणपणाची (हार्डनेसची) चाचणी मागा. रॉकवेल सी मापावर चाळीस-पंचेचाळीसच्या घरातला आकडा यायला हवा. तिसाच्या आसपास आला तर तो पाटा बसणार, पन्नाशीच्या वर गेला तर तुटणार. आणि शेवटी प्रेसवर दोन-तीनदा पूर्ण सपाट दाबून घ्या, म्हणजे जे काही बसायचं ते तिथेच बसेल. कमान त्यानंतर मोजा.

परत आलेले पाटे जोडण्याआधी एक गोष्ट स्वतःच्या हाताने करून बघा. क्लॅम्प न लावता सगळे पाटे क्रमाने एकमेकांवर नुसते ठेवा. खालच्या प्रत्येक आखूड पाट्याची कमान वरच्यापेक्षा थोडी जास्त हवी. म्हणजे त्याची दोन्ही टोकं वरच्या पाट्याला टेकतील आणि मध्यावर, सेंटर बोल्टच्या भोकापाशी, दोघांत फट दिसेल. ही फट बोल्ट आवळल्यावर मिटते, आणि तसं होताना मेन पाट्यावरचा ताण हलका होतो, कारण वळी असलेला तोच सर्वांत धोक्याचा पाटा. फट कुठेच नसेल, किंवा उलट मध्य टेकून टोकं मोकळी असतील, तर सगळ्या पाट्यांना एकच साचा लावलाय. असा संच उंच उभा राहील, पण टोकं खडखडतील आणि मेन पाटा लवकर जाईल. तसाच परत पाठवा.

जास्तीचा पाटा घालण्याबद्दल थोडक्यात. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा पूर्ण लांबीचा घातला की कडकपणा साधारण पाचव्या भागाने वाढतो. उंचीचा दोष कडकपणाने झाकला जातो, आणि शॉकअप तेच जुने राहिल्याने गाडी उडते. ज्यांच्या डिकीत सीएनजीचा सिलिंडर आहे त्यांची गोष्ट वेगळी. ६० लिटर पाणी मावेल एवढ्या पोलादी सिलिंडरचं वजनच ६० किलोच्या आसपास असतं आणि ते कायमचं मागच्या पाट्यांवर असतं. तिथे एक आखूड पाटा वाढवणं समजू शकतो. पण सिलिंडर काढला तर तो पाटाही काढा. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला सेवेतून गेली. तशा टॅक्सीचे उतरवलेले पाटे जुन्या बाजारात "ओरिजिनल" म्हणून समोर आले, तर आयुष्यभर सिलिंडर आणि टपावरचं सामान वाहिलेले ते पाटे आहेत हे लक्षात ठेवून जाडी मोजा.

बदल काहीही करा, दोन्ही बाजूंना एकदम करा. एक बाजू नवी आणि एक जुनी म्हणजे झुकाव फक्त बाजू बदलतो.

जोडताना

रंग पातळ द्या. गंजरोधक प्रायमरचा एक हात आणि त्यावर काळा रंग पुरे. पाटे मध्ये जिथे यू-बोल्टखाली दाबले जातात तिथे जाड रंग किंवा पावडर कोटिंग नकोच. ते पुढे दबून, चुरून निघतं आणि तेवढी जागा मोकळी होऊन यू-बोल्ट सैल पडतात. पाट्यांना चकचकीत मुलामा करून घेऊ नका. आम्लात बुडवणं आणि इलेक्ट्रोप्लेटिंग यांत हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि पाटा न सांगता तुटतो. पाट्यांमध्ये ग्राफाइट ग्रीस लावा, साधं ग्रीस धूळ ओढतं आणि पावसात धुऊन जातं.

सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे घ्या. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेलेला असतो, तो पुन्हा तितकं धरत नाही. पाट्यांची पकड यू-बोल्टच्या आवळण्यावर आहे, सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. यू-बोल्ट सैल राहिले की सगळा धक्का त्या बारीक सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो आणि हाउसिंग मागे सरकतं. चारही नट आडवे-तिडवे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळा. साधारण १०० किलोमीटरनंतर पुन्हा, आणि ५०० नंतर आणखी एकदा. शेवटी दोन्ही बाजूंचं पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा, पुढची चाकं सरळ ठेवून. डावं-उजवं सारखं यायला हवं.

हे सगळं करूनही बसली तर

मग हँगरकडे बघा. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडीचा पत्राच वजन उचलतो. पाट्यांचे हँगर आणि शॅकलच्या जागा त्याच पत्र्याला आहेत, नेमक्या जिथे मागची चाकं चिखल उडवतात. मुंबईत आणि कोकणात खाऱ्या हवेने तो पत्रा आतून खाल्ला जातो, बाहेरून अंडरकोटिंगचा काळा थर शाबूत दिसतो. पाटा नवा, बुश नवे, पण पाटा ज्याला धरून आहे तोच भाग वर डिकीत शिरत असेल तर गाडी दर महिन्याला दोन-चार मिलिमीटर खाली येत राहणार. म्हणूनच ती लिहून ठेवलेली मापं.

डिकीतला गालिचा उचला, शॅकलच्या वरच्या जागी पत्रा फुगला, सुरकुतला आहे का बघा. खालून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने अंडरकोटिंग खरवडून टोचा. टोक आत गेलं तर पाट्याचं काम थांबवा आणि आधी पत्र्याचं करा. वरून पट्टी ठोकून भागत नाही, कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून, त्याच जाडीचा पत्रा मूळ आकारात घडवून, पूर्ण शिवणीचं वेल्डिंग हवं. हँगरची जागा दुसऱ्या बाजूच्या मापाने पक्की करूनच वेल्डिंग, नाहीतर हाउसिंग तिरकं बसेल. आकार मूळचाच ठेवायला आणखी एक कारण आहे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी जी 'व्हीए' मालिकेची विंटेज नोंदणी आली, तिच्यात चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. झिजलेले पाटे बदलण्याने काही बिघडत नाही, पण हँगर कापून जीपचे ब्रॅकेट जोडलेत तर प्रश्न उभा राहू शकतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्या आता त्या वयात पोचल्या आहेत.

पत्रा झाल्यावर पोकळ भागांत आतून गंजरोधक मेण फवारून घ्या, पाणी निघायची भोकं मोकळी करा आणि चारही चाकांची मापं नव्याने लिहा. पुढची मापं पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि नंतर ऑक्टोबरात घ्या. दोन्ही वेळा आकडे जुळले तर पाट्यांकडे मग फक्त ग्रीस आणि यू-बोल्टपुरतं बघायचं.